आमची वाटचाल : ‘साइट पडली’ म्हणजे नेमकं काय?

२०१२ साली सांगलीत, झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत, आम्ही दोघांनी वेबसाइट बनवून सांभाळायचं काम सुरू केलं. ‘साइट पडली’ असा फोन आला की ताटावरून उठायचो. एका पाडव्याला श्रीखंड तसंच टाकून ऑफिस गाठलं, तर शाळेचा सर्व्हर ठणठणीत. मुख्याध्यापकांच्या घरचं ब्रॉडबँडच बंद होतं! तेव्हापासून पहिला प्रश्न ठरलेला : “सर, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडतंय का बघा.” बरेचसे फोन तिथेच मिटतात.

त्यातून आम्ही जरा जास्तच शहाणे झालो. ऐन एप्रिलात देवगडच्या एका आंबेवाल्या काकांचा रात्री फोन आला. “अहो, साइट दिसतेय, पण संध्याकाळपासून एक ऑर्डर नाही.” साइट चालू आहे का हे सतत तपासणाऱ्या आमच्या मॉनिटर प्रोग्रामवर हिरवा दिवा. म्हटलं, सकाळी बघू. सकाळी कळलं, लॉग फाइल, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, फुगून त्याची डिस्क १०० टक्के भरली होती. पानं उघडत होती, पैसेही कापले जात होते, फक्त ऑर्डर डेटाबेसमध्ये उतरत नव्हती. पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची, यादी काढून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत, पत्ता काय आणि किती डझन, हे पुन्हा विचारत दिवस गेला. त्यापेक्षा पूर्ण बंद पडलेली साइट परवडली. निदान ती पैसे तरी घेत नाही.

आता आमचा मॉनिटर नुसतं पहिलं पान बघून थांबत नाही, अधूनमधून एक खोटी ऑर्डर टाकून बघतो. डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मोबाइल वाजतो. साइटवर ‘५०२’ हा एरर दिसला तर पुढचा एनजिनएक्स (आलेली मागणी आत पोचवणारा वेब सर्व्हर) जिवंत असतो, मागचं ॲप्लिकेशन झोपलेलं; ते बहुतेकदा आमचंच काम. साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट संपलं की ब्राउझर इशारा दाखवतो आणि ग्राहक ‘हॅक झालं’ म्हणून हादरतो, पण ते दहा मिनिटांत निस्तरतं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आणि ऑटो रिन्यूवर विसंबलं की कधीतरी हे होतंच. एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची वाट) लागत नाही, होस्टिंगच्या पॅनेलमधला कन्सोलही उघडत नाही, तेव्हा मात्र सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांना तातडीचं तिकीट, म्हणजे लेखी तक्रार. साइट ‘९९.९ टक्के’ वेळ चालू राहील या हमीतसुद्धा महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा असते, हे ग्राहकाला करार करतानाच हिशेब मांडून सांगतो.

रात्री दहानंतरच्या फोनला आमचा वेगळा दर आहे. “पैसे कापले, ऑर्डर दिसत नाही” असा फोन असला तर तो दर लावत नाही.