तुम्ही विचारलंत म्हणून: हे शब्द तुला सुचतात कसे?

महिन्यातून दोनतीनदा तरी कोणाचा ना कोणाचा मेसेज येतो, "अगं, डब्ल्यू, के, डब्ल्यू लागोपाठ असलेला इंग्लिश शब्द सांग ना, डोकं फुटायची वेळ आलीय." मी "ऑकवर्ड" एवढंच लिहून पाठवते, आणि मग ठरलेला प्रश्न येतो की हे तुला सुचतं कसं, डिक्शनरी पाठ केलीयेस की गुपचूप कुठल्या साइटवर शोधतेस? इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाच सांगून टाकते. (स्पेलिंग मनातल्या मनात लावत वाचा, त्याला इलाज नाही.)

पाठ वगैरे काही नाही. साइटवर शोधते, पण अगदी शेवटी, आणि त्यात मला काही लाज वाटत नाही. त्याआधी मी उलट तुम्हालाच एक प्रश्न विचारते आणि त्यावर लोक वैतागतात: अक्षरं "असलेला" म्हणजे नक्की कसा? समजा एम आणि टी. ही दोन अक्षरं कुठेही चालत असतील तर मॅट, टीम, मोमेंट, हजारो शब्द आहेत, बसा मोजत. पण शब्दाच्या अगदी शेवटी एमला चिकटून लगेच टी हवा असेल तर रोजच्या वापरातला एकच शब्द उरतो, ड्रीमचा भूतकाळ ड्रेम्ट, आणि त्याचीच अनड्रेम्टसारखी पिल्लं. आणि तिसरा प्रकार म्हणजे दिलेली अक्षरं तेवढीच वापरायची, एकही बाहेरचं नको, जसं लिसनच्या सहा अक्षरांतून सायलेंट होतो, एनलिस्ट होतो, टिन्सलही होतो. हे तीन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत आणि निम्मे लोक चुकीचा प्रश्न डोक्यात धरून तासभर अडकलेले असतात.

प्रश्न कळला की सगळ्यात कंजूष अक्षर पकडायचं. नवखी माणसं ए, ई पासून सुरू करतात कारण ती सोपी वाटतात, पण ई हे इंग्लिशमधलं सगळ्यात जास्त येणारं अक्षर, साध्या मजकुरात साधारण दर आठवं अक्षर ई असतं, म्हणजे ई आहे असं सांगून तुम्ही मला काहीच सांगितलेलं नसतं. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द लावायचा खेळ, तो बनवणारा आल्फ्रेड बट्स आर्किटेक्ट होता, 1930च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम गेलं, आणि त्याने वर्तमानपत्रं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं. म्हणून 100 सोंगट्यांमध्ये ई 12 आहेत, एकेक गुणाचे, आणि क्यू नि झेड एकेकच, दहा-दहा गुणांचे. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, कारण जास्त असते तर सगळ्यांनी समोरच्याच्या शब्दाला एस लावून फुकट गुण खाल्ले असते. तेव्हा ए, ई, क्यू, झेड मागितलेत तर मी ए आणि ईकडे बघतसुद्धा नाही. क्यू आणि झेड एकत्र कुठे नांदतात? क्विझ, क्वार्ट्झ, क्वेट्झल. संपलं, क्वेट्झल, मध्य अमेरिकेतला तो लांब शेपटीचा हिरवा पक्षी, त्यात चारही आहेत.

क्यूच्या मागे यू हवाच असं शाळेत शिकवलेलं असतं, ते विसरा. बुरखा, नकाब, कव्वाली हे शब्द इंग्लिश डिक्शनरीत क्यूने लिहिलेले सापडतात आणि क्यूच्या मागे यू नसतो, कारण अरबीतल्या घशातल्या क साठी क्यू वापरायची पद्धत पडली (बुरखा-नकाब तिथूनच आले). आणि चिनीतून आलेला दोन अक्षरी "क्यू-आय", त्याचा उच्चार तर ची! स्क्रॅबलवाल्यांचा हा जीव की प्राण आहे.

आता खरी गंमत, म्हणजे विचित्र अक्षरं लागोपाठ मागितलेली असतात तेव्हा. इथे माझी एकच युक्ती आहे आणि ती मी सगळ्यांना सांगते पण कोणी वापरत नाही: सांधा शोधा. दोन एच शेजारी? एका शब्दात सहसा नसतात, पण एक शब्द एचवर संपला आणि दुसरा एचने सुरू झाला तर? विथहोल्ड, बाथहाउस, हिचहाइक. दोन के? बुककीपर, आणि त्यात तर ओ, के, ई अशा तीन जोड्या रांगेत उभ्या आहेत. आर, एस, टी, यू ओळीने? अंडर अधिक स्टडी. कॅचफ्रेजच्या पोटात टी, सी, एच, पी, एच, आर अशी सहा व्यंजनं एका दमात येतात तीही सांध्यावरच. ऑकवर्डसुद्धा मुळात ऑक अधिक वर्ड ("दिशेने" या अर्थाचा) आहे, ऑक म्हणजे मध्ययुगीन इंग्लिशमध्ये उलटं, वाकडं. आपल्याकडे संधी झाली की अक्षरं एकमेकांत विरघळतात, विद्या आणि आलय मिळून विद्यालय, दुसरा आ कुठे गेला कळत नाही, पण इंग्लिशमध्ये असे शब्द जोडले की बहुतेक वेळा दोघं आपापलं सामान घेऊन शेजारी बसतात. पण वाटतो तिथे सांधा असतोच असं नाही: थ्रेशोल्ड हा थ्रेश अधिक होल्ड वाटतो, पण तसा तो नाही, त्यात मध्ये एकच एच, आणि मी कितीतरी वर्षं ठामपणे दोन लिहीत होते.

आपल्याला अजून एक अडचण असते ती म्हणजे आपला कान. आपण फ ऐकतो तेव्हा ते एक अक्षर असतं, त्यात पी आणि एच लपलेत हे डोळ्यांना दिसतच नाही. घोस्टमधला एच, साम (बायबलमधलं स्तोत्र) या इंग्लिश शब्दाचा पी, हिम (चर्चमधलं भजन) याचा शेवटचा एन, हे उच्चारात नाहीत म्हणून शोधताना सुचतही नाहीत. एकदा खेळताना माझ्याकडे आर, एच, वाय, टी, एच, एम अशा सोंगट्या होत्या, एकही स्वर नाही म्हणून मी रडत सगळ्या बदलून घेतल्या, आणि डाव संपल्यावर शेजारणीने शांतपणे सांगितलं की बाई, र्‍हिदम होता तो. अजून झोंबतं. तेव्हापासून मी शब्द आठवत नाही, अक्षरं हाताने हलवत राहते. मनाला जुना क्रम चिकटून बसतो, तो मोडायला हवा.

साइटवाले काय करतात असंही विचारता. जादू नसते हो. प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीच्या क्रमाने लावून ठेवायची, मग लिसनचं ई, आय, एल, एन, एस, टी होतं आणि सायलेंटचंही तेच, दोघं एकाच खणात पडतात. लागोपाठच्या अक्षरांसाठी तर 1973 सालचा, युनिक्स या कॉम्प्युटर सिस्टिमवरचा ग्रेप नावाचा मजकूर शोधणारा प्रोग्रॅम आजही पुरतो, केन थॉम्पसनने लिहिलेला. पण यादी जेवढी शहाणी तेवढंच उत्तर शहाणं. 1934च्या वेबस्टर डिक्शनरीत "डॉर्ड" म्हणून एक शब्द छापला गेला, अर्थ घनता, आणि 1939मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की ती चिठ्ठी "मोठा डी किंवा छोटा डी" या संक्षेपाची होती, इंग्लिश "किंवा" मध्येच चिकटून शब्द तयार झाला. आणि ते "जी-आर-वाय वर संपणारा तिसरा शब्द सांगा" वालं कोडं कृपया मला पाठवू नका. अँग्री आणि हंग्री. रोजच्या वापरात तिसरा नव्हताच, आता फार तर भुकेने चिडलेल्यासाठीचा हँग्री म्हणा, पण कोडंच फसवं आहे.

एक्स, वाय, झेड ओळीने असलेला शब्द मात्र मला कित्येक वर्षं सापडला नव्हता, सांधा वगैरे सगळं करून झालं. मग एकदा अंगभर खाज सुटली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि रात्री झोप येईना म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसले तर तिथे लिहिलेलं होतं, हायड्रॉक्सिझिन.