औषधाचं नाव काय?

पावसाने आठवडाभर खोळंबून ठेवलं आणि मग उघाड पडली. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, रस शोषणारे तुडतुडे वाढलेले, त्यामुळे सगळ्या कास्तकारांना एकाच दिवशी फवारा हवा होता. आमच्या महिला बचत गटाकडे फवारणीचा ड्रोन आहे आणि तो मी चालवते. त्या सकाळी राळेगाव तालुक्यातल्या एका वावरात आम्ही बॅटऱ्या, जनरेटर, पाण्याच्या कॅन उतरवल्या. चार एकर पऱ्हाटी होती.

ड्रोनवर माझा जीव आहे. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप घेऊन माणूस त्या गर्दीत शिरायचा, नोझल वर धरायचा आणि तुषार त्याच्याच तोंडावर यायचे. ड्रोनमुळे तो माणूस वावराबाहेर उभा राहू शकतो, हे मला फार मोठं वाटतं.

पण ड्रोनचं गणित वेगळं असतं. हातपंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला साधारण दहा. औषधाची मात्रा तेवढीच राहते, म्हणजे प्रत्येक थेंब कितीतरी पटीने तेज. थेंबही बारीक, वाऱ्यावर जाणारे. पाठीवरच्या पंपाचं विष पंपवाल्याच्या अंगावर यायचं. ड्रोनचं विष, वारा असेल तर, ज्याला कोणी विचारलंही नाही त्याच्या अंगावर जातं.

त्या दिवशी वारा होता. फार नाही, पण धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत एका बाजूला झुकत होतं. त्याच बाजूच्या वावरात आठ-दहा बाया सोयाबीन निंदत होत्या. बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत लेकरू. खाली नाल्याच्या काठाला विहीर, तिथूनच त्या पाणी पीत होत्या.

मी मालकाला म्हटलं, "भाऊ, आज नाही होणार. बाया आहेत तिकडे."

"ताई, मी माया वावरात मारून रायलो ना? त्यायच्या वावरात थोडीच!"

त्यांचंही चुकत नव्हतं. आभाळ परत भरून येत होतं. औषध उधारीवर आणलेलं, आणि दोन दिवस गेले तर तुडतुडे पानं लाल करून टाकतात. मी बायांकडे गेले. जरा वेळ बाजूला व्हाल का, असं विचारायचं मनात होतं. त्यातली एक मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "आमी गेलो तं अर्ध्या दिवसाची रोजी कोन देईन वं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमातही नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती काढली. ग्रामपंचायतीला चोवीस तास आधी कळवा, पाण्याच्या स्रोताजवळ फवारू नका, शेजारच्या पिकाशी अंतर सोडा, असं त्यात आहे आणि ते चांगलं आहे. पण बाजूच्या वावरातून उठवलेल्या मजुराची रोजी कोणी भरायची, हे मला तरी त्यात सापडलं नाही.

एका पोरीने रिमोटच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "आमचा फोटो येते काय यात?" मी कॅमेरा दाखवला, काय दिसतं तेही दाखवलं. तिने पदर सारखा केला. आपल्या डोक्यावरून काय उडतं आणि ते आपल्याला पाहतं का, हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. ड्रोन येण्याआधीच हे कोणीतरी तिला सांगायला हवं होतं.

मग त्या मावशीने विचारलं, "औषध कोनतं हाय?"

मी डबा आणून वाचून दाखवला. नाव, त्यातली दोन रसायनं, पिवळा त्रिकोण म्हणजे जास्त विषारी, विषबाधा झाली तर द्यायचा उतारा. मावशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "माया मालकाले यवतमाळले नेलं होतं त्या साली. डाक्टर इचारे, कोनतं औषध मारलं? मले काय मालूम? वावरवाल्यानं बादलीत कालवून देल्लं." तिचा नवरा वाचला, पण नजर अधू झाली. मजुरीला आता ती एकटीच येते.

बाकीच्या बाया निंदण सोडून डब्याभोवती जमल्या. ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांनी लेबलाचे फोटो काढले. वर्षानुवर्षं या वावरांत राबलेल्या बायांना डबा कोणी वाचून दाखवत होतं, ते पहिल्यांदाच.

आम्ही ड्रोन परत गाडीत घातला. मालक माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्यासोबत ग्रामपंचायतीत गेले, भोंग्यावरून उद्याची वेळ आणि औषधाचं नाव सांगायला लावलं. सोयाबीनवाल्याने बायांना दुसऱ्या वावरात काम दिलं, रोजी बुडाली नाही. सकाळी वारा पडल्यावर, उन्हं चढायच्या आत आम्ही फवारलं आणि विहिरीकडचा पट्टा सोडला. त्या पट्ट्यातल्या पिकाचं काय, असं मालकाने विचारलं. तिथे निंबोळी अर्क मारू, असं ठरलं.

आता आमच्या गटाच्या बुकिंग वहीत दोन रकाने जास्त आहेत: औषधाचं नाव, आणि शेजारच्या वावरात त्या दिवशी कोण कामाला आहे. दुसरा रकाना भरल्याशिवाय मी गाडी काढत नाही. मजुरांच्या रोजीचा प्रश्न येत्या ग्रामसभेत मांडायचा आहे. मावशी येते म्हणाली, लेबलाचा फोटो घेऊन.