आढं वाकलंय, पाडावं का?

"आढं मधोमध खाली आलंय. पाडून स्लॅब टाकू, की दुरुस्त होईल?" पेठांतल्या जुन्या घरांची कामं करतो, म्हणून दर उन्हाळ्यात मला हे विचारलं जातं. आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. लाकूड शाबूत असेल तर बहुतेक वेळा दुरुस्त होतं, आणि करायलाच हवं. आपल्या वाड्यांतल्या जुन्या सागवानाच्या तोडीचं लाकूड आज सहजी मिळत नाही.

मात्र टेकू लावायच्या आधी भिंती बघा. दोन्ही पाख्यांचे, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंचे, वासे (तिरकी लाकडं) आढ्यापाशी एकमेकांना भिडलेले असतात आणि कौलांच्या वजनाने त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. ते पाय धरून ठेवतं ते खालचं आडवं लाकूड. माळ्यावर खोली काढताना डोक्याला लागतं म्हणून नेमकं तेच कापून टाकलेलं मी अनेक घरांत पाहिलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो. मग भिंतीचा माथा बाहेर कलतो आणि आढं बसतं. अशा ठिकाणी नुसतं आढं उचललंत तर टेकू काढताच ते परत खाली येणार. आधी समोरासमोरच्या भिंतींवरची लाकडं लोखंडी सळई आणि टर्नबकलने (सळई ताणायच्या फिरत्या आट्याने) बांधून घ्यायची.

तुळईची भिंतीत शिरलेली टोकंही तपासा. बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते आणि टोक आतल्या आत कुजतं. हातोडीने ठोकून पाहा. निरोगी साग खणखणीत वाजतो, कुजका बद्द. कुजकं तेवढं कापून सागाचाच जोड द्यायचा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या. लाकूड धड आहे पण बारीक पडतंय, तर शेजारी दुसरं जोडायचं, तेही रुंद बाजू उभी ठेवून. रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली की वाक आठव्या हिश्श्यावर येतो.

उचलायच्या आधी कौलं उतरवा, दोन्ही पाख्यांवरची बरोबरीने. एकच पाखं मोकळं केलं तर सगळा सांगाडा कलतो. एका चौरस मीटरला साधारण 15 मंगलोरी कौलं, एकेक दोन-अडीच किलोचं, म्हणजे भार बराच हलका होतो. जॅक माडीच्या फळ्यांवर ठेवू नका. त्याच रेषेत खालच्या मजल्यावर आणि थेट जमिनीपर्यंत टेकू हवेत, नाहीतर छपराचा बाक माडीला येईल. रोज काही मिलिमीटर, त्याहून घाई नको. वर्षानुवर्षं भार सोसून बाक लाकडात मुरलेला असतो. तो पूर्ण काढायचा हट्ट धरला की सांधे फाटतात. थोडा राहिला तर राहू द्या. तो वाढत नाही ना, एवढं पावसाळ्यानंतर दोरी ताणून मोजा.

आता स्लॅबचं. 10 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचंच वजन चौरस मीटरला 250 किलोच्या आसपास असतं. कौलं, त्यांखालच्या रिपा (पातळ पट्ट्या), वासे सगळे मिळूनही सहसा याच्या निम्मे भरत नाहीत. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर ते ओझं टाकू नका. कंत्राटदार कितीही छातीठोकपणे सांगू दे, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष घर दाखवा.