आमची वाटचाल: हळदीचा पिवळा जांभळा झाला तेव्हा

२०१४ साली कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात मी आणि धाकट्या भावाने काट्याला जोडायचे छोटे रंगीत डिस्प्ले बनवायला घेतले. पहिली गिऱ्हाइकं सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते. पोतं काट्यावर चढलं की वजन समोर उभ्या शेतकऱ्यालाही दिसावं, एवढीच मागणी. ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारं सॉफ्टवेअर, भावानेच लिहिला, लिनक्स या संगणक प्रणालीच्या ३.१० कर्नेलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर. तो बिनबोभाट चालला म्हणून मी पुढं त्याला कुणाला हात लावू दिला नाही. चालत्या गाड्याला खीळ कशाला?

मग डिस्प्ले ज्यावर चालायचा तो जुना बोर्ड, म्हणजे छोटा संगणक, बाजारात मिळेनासा झाला. नवा आला तो ५.१० कर्नेल घेऊनच. जुना ड्रायव्हर त्यावर कंपाइलसुद्धा होईना. शेवटी कर्नेलमधलाच एफबीटीएफटी हा छोट्या पडद्यांचा तयार ड्रायव्हर वापरायचं ठरलं. आमच्या पडद्याची चिप आयएलआय९३४१, तिची सोय त्यात तयार होती. दोन दिवसांचं काम, असं मी अडत्याला सांगून बसलो.

पडदा पांढराफटक. मागचा दिवा लागलेला, चित्र नाही. केबल बदलली, पॅनल बदललं, पडद्याकडे डेटा नेणाऱ्या एसपीआय जोडणीचा वेग उतरवला. तिसऱ्या आठवड्यात रात्री भाऊ मल्टिमीटर पिनेला लावून म्हणाला, "दादा, रिसेट शून्यावरच बसलाय."

रिसेटच्या पिनेवर शून्य व्होल्ट असेल तोवर पॅनल रिसेटमध्ये, म्हणजे बंदच, राहतं. आमच्या जुन्या कोडमध्ये ० म्हणजे पिनेवर शून्य व्होल्ट, सरळ हिशोब. नव्यात १ म्हणजे "रिसेट चालू". मग पिनेवर प्रत्यक्षात काय जायचं ते डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डाला काय कसं जोडलंय त्याची कर्नेलला दिलेली नोंद, ठरवते. तिथं मी ॲक्टिव्ह हाय, म्हणजे ० दिलं की पिनेवरही शून्य, असं लिहून ठेवलं होतं. ड्रायव्हर रिसेट सोडायला ० द्यायचा आणि पॅनल कायमचं रिसेटमध्येच. एक शब्द बदलला, ॲक्टिव्ह लो, म्हणजे त्याच्या उलट, केलं, पडदा जिवंत झाला.

जिवंत झाला, पण वजनाचे पिवळे आकडे जांभळे! हळदीच्या पेठेत! रंगाचे दोन बाइट आमचा प्रोग्राम पूर्वीपासून उलटे करून पाठवायचा, आणि आता ड्रायव्हरही स्वतः उलटे करत होता. प्रोग्राममधली ती ओळ मीच लिहिलेली आणि मीच विसरलेली. भावानं काही म्हटलं नाही, फक्त हसला.

त्या सौद्यांचा हंगाम आमच्या हातून गेला, अडत्यानं दुसरीकडून माल घेतला. पुढच्या साली तो परत आला, तेव्हा भाव मात्र पाडून.

आता डीआरएमकडे, म्हणजे लिनक्समधल्या पडद्यांसाठीच्या नव्या व्यवस्थेकडे, जायचं चाललंय. तिथल्या एमआयपीआय डीबीआयच्या, म्हणजे आमच्यासारख्या पडद्यांच्या, कोडमध्ये रिसेटला आधी ० आणि मग सोडायला १ देतात, म्हणजे डिव्हाइस ट्रीतला तो शब्द परत बदलायचा. या खेपेला भावानं मल्टिमीटर आधीच टेबलावर काढून ठेवलाय.