झाडण्याचा आठवडा

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५, श्टुटगार्ट

आज पहाटे हिवाळी वेळेसाठी इथली घड्याळे एक तास मागे गेली आणि पुणे माझ्यापासून साडेतीन तासांऐवजी साडेचार तासांवर गेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दर वर्षी हे घडते, आणि आईला दर वर्षी नव्याने सांगावे लागते की मी मुद्दाम उशिरा फोन करत नाही. आता मार्चअखेरीपर्यंत मी कामावरून सहा वाजता घरी पोहोचेन तेव्हा तिकडे साडेदहा वाजलेले असतील आणि तिने दिवा मालवलेला असेल.

गुरुवारी भाऊबीज झाली. दादाला फोनच्या पडद्यावरच ओवाळले. त्यानंतर भाच्याने फोन हातात घेतला. तो सध्या पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत असून जानेवारीत बी-वन या मधल्या पातळीची परीक्षा देणार आहे. त्याने विचारले, "आत्या, तिकडे सगळं शिस्तीत असतं ना? इथल्यासारखी रोजची कटकट नाही ना?" घरचे सगळे ऐकत होते, सणाचा दिवस होता, आणि मी "हो" म्हणून गेले. ते "हो" तीन दिवस मला सलते आहे.

२०१४ साली निघताना माझ्याही मनात हाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मी स्वतःच तयार करून ठेवले होते. हडपसरच्या रस्त्यावर जाणारा दीड तास, गुरुवारी बंद असणारे पाणी, एका दाखल्यासाठी घालावे लागणारे चार हेलपाटे, असे जे जे मला पुण्यात नकोसे झाले होते, त्याच्या नेमके उलट जे असेल तो जर्मनी, अशी माझी समजूत होती. आज वाटते की मी त्या देशाची कल्पना केलीच नव्हती. मी केवळ माझ्या तक्रारी उलट्या करून त्यांना एका देशाचे नाव दिले होते.

रेल्वेचेच उदाहरण घ्यावे. जर्मनीतील गाड्या मिनिटाच्या हिशेबाने धावतात, असे लहानपणापासून ऐकले होते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या, आणि तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी वेळेवर धरून. वर्षानुवर्षे रुळांच्या देखभालीवर पुरेसा खर्च झाला नाही, त्याचा हा परिणाम आहे.

परंतु भाच्याला मला गाड्यांबद्दल सांगायचे नव्हते. मला त्याला आमच्या जिन्याबद्दल सांगायचे होते. श्टुटगार्टभोवतीच्या या श्वाबिश प्रदेशात 'केअरवोखे' नावाची जुनी रीत आहे. शब्दशः झाडण्याचा आठवडा. इमारतीतील बिऱ्हाडांनी पाळीपाळीने सामाईक जिना झाडून पुसायचा, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर एक छोटी पाटी टांगलेली असते. मी आले त्या पहिल्याच हिवाळ्यात ती पाटी माझ्या दारावर आली. मला वाटले, ही काहीतरी जाहिरात असावी. आठवडा संपला, जिना तसाच राहिला, आणि शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या वृद्ध बाई बादली आणि पोछा घेऊन माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी गुडघे दुखत असतानाही दोन मजले स्वतः पुसून मला कोपरे कसे काढायचे ते दाखवले. लाजेने माझ्या तोंडून शब्द फुटेना. ज्या स्वच्छतेचे फोटो मी त्याच आठवड्यात मोठ्या कौतुकाने घरी पाठवले होते, ती राखण्यात माझा वाटा आहे हे माझ्या लक्षातच आले नव्हते. परदेशातली शिस्त म्हणजे आपल्याला तिथे आयती मिळणारी सोय, असेच मी धरून चालले होते.

रविवारच्या शांततेचेही तसेच. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीचे कलम आजच्या राज्यघटनेतही कायम आहे, म्हणून दुकाने बंद असतात. ही शांतता मला आता मनापासून प्रिय आहे. मात्र पहिली दोन वर्षे, ओळखीचे कोणीही नसताना, शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत एकही शब्द न बोलता गेलेले आठवडे मी घरी कधीच कळवले नाहीत. बर्फाचे फोटो मात्र न चुकता पाठवले.

नागरिकत्वाचा विषय तर मी आईपुढे काढलेलाच नाही. जून २०२४ पासून जर्मनीने एकाहून अधिक नागरिकत्वांना मुभा दिली, पण भारत ती देत नाही. येथला पासपोर्ट घेतला तर तिथला परत करावा लागेल. मग भारतात मतदान करता येणार नाही, आणि वडिलांच्या शेताला लागून असलेला, त्यांनी घ्यायचा ठरवलेला तुकडा मला विकतही घेता येणार नाही. अर्ज कपाटात आहे.

आज दुपारी अडीचला, म्हणजे तिकडे सात वाजता, मी भाच्याला स्वतःहून फोन केला आणि हे सगळे, जिन्यापासून त्या न बोललेल्या आठवड्यांपर्यंत, सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग तू परत का नाही येत?" मी त्याला खरे तेच सांगितले, की रात्री अकरा वाजता स्थानकावरून एकटी चालत येताना मी मागे वळून पाहत नाही, की माझ्या कामाला येथे किंमत आहे, की अकरा वर्षांत हा जिनाही माझाच झाला आहे; आणि तरीही भाऊबीजेच्या दिवशी पडद्याला ओवाळताना हात थांबतो. यातले कोणतेही एक कारण दुसऱ्याला खोडून काढत नाही.

त्याने येऊ नये असे मी म्हटले नाही, आणि त्यानेही बेत बदलला नाही. त्याला तोंडी परीक्षेची भीती वाटते आहे. पुढच्या रविवारपासून, माझ्या साडेचारला आणि त्याच्या नऊला, आम्ही अर्धा तास जर्मनमध्ये बोलणार आहोत. आईही जवळ बसेन म्हणाली आहे.

बाहेर पाच वाजून गेले आहेत आणि अंधारून आले आहे. उद्यापासून पाटी माझ्या दारावर आहे.