तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशन टेबलवर पेशंट दगावला की दुसऱ्या दिवशी काय करता?

हा प्रश्न भाचरंही विचारतात आणि नवीन रेसिडेंट डॉक्टरही. मी भूलतज्ज्ञ आहे. एका आज्जींचंच सांगते.

वय 78, खुब्याचं फ्रॅक्चर. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेली, म्हणजे आज्जी जाग्या होत्या आणि मला कांद्याची लागण शिकवत होत्या. सर्जन म्हणाले सिमेंट घालतोय, म्हणजे कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवायचं सिमेंट. आज्जी म्हणाल्या, "वाफ्यात पाणी आधी सोडायचं, मग..." आणि थांबल्या. ऑक्सिजन उतरला, बीपी लागेना. हाडात सिमेंट दाबून भरताना मज्जेतली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊ शकते आणि क्वचित हृदयच बंद पडतं, हे माहीत होतं, सिरिंज भरून ठेवलेल्या होत्या. कुशीवरून उताणं केलं, 45 मिनिटं छाती दाबत सीपीआर दिला. नाही आल्या.

बाहेर जाऊन गोल गोल न बोलता "आज्जी गेल्या" हे आधी म्हटलं. मुलगा म्हणाला, "आत्ता तर बोलत होती ना?" मी म्हटलं हो, कांद्याचं सांगत होत्या. तो भिंतीला टेकून खालीच बसला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची लिस्ट होती, गेले. पहिल्या केसला एक सहकारी काही न बोलता शेजारी उभा राहिला, तेवढ्यानेच हात स्थिर राहिले. रात्री मात्र चार्टवरच्या दर 5 मिनिटांच्या बीपीच्या खुणा डोळ्यांसमोरून हलायच्या नाहीत. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी 2000 साली आमच्यासारख्यांना 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे पेशंटनंतरचा दुसरा बळी, म्हटलं. अवस्था खरी आहे, पण तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही, भिंतीला टेकलेला तो मुलगा आठवतो.

शेवटी जुन्या सरांकडे गेले. त्यांनी अख्खी केस मिनिटामिनिटाने माझ्याकडून वदवून घेतली. "तुझं काही चुकलं नाही" असं पटकन म्हणाले नाहीत, म्हणून तर मला त्यांचं ऐकून घेता आलं. एक गोष्ट निघाली, सिमेंटच्या वेळी बीपी दर मिनिटाला लावायला हवं होतं, ते 5 वरच राहिलेलं. त्याने आज्जी वाचल्या असत्या का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता सिस्टर सिमेंट कालवायला घेतात तेव्हा मी मशीन 1 मिनिटावर लावते, उशाशी स्टूल ओढते आणि पेशंटला विचारते, यंदा काय पेरलंय?