जुन्या वस्तऱ्याचे पोलाद

रविवार, रात्री

पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या वस्तऱ्याचे पाते आज मुठीपासून सोडवले. पात्याच्या मागच्या दांडीवर मुकुट, त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरे आणि खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफिल्ड एवढा मजकूर भिंगाखाली वाचता येतो. ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे काळ १८३७ ते १९०१ मधला. मात्र 'इंग्लंड' हा शब्द ठशात कुठेही नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक केले आणि त्यानंतर शेफिल्डच्या मालावर तो शब्द सर्रास दिसू लागला. त्यामुळे हा वस्तरा त्याआधीचा असण्याचा संभव बराच आहे.

हा सगळा पुरावा बोटाच्या नखाएवढ्या जागेत आहे, म्हणून तिथे पॉलिश पेपर लावायचा नाही असे मी ठरवले. दांडीवर फक्त तेल सोडून, मऊ फडक्याने वरवरचा तांबूस गंज पुसून घेतला. यंत्राच्या चाकावर पाते आरशासारखे चमकवून विकणारे पुष्कळ आहेत, पण मला ते पटत नाही. ठशांच्या कडा त्यात झिजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे धारेजवळचे पातळ पोलाद बघता बघता तापते. त्यावर निळसर झाक आली की धारेचे पाणी उतरले असे समजावे. मग ती कितीही घासली तरी टिकत नाही.

पात्याच्या अंगावरचा गंज मी बुचाच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून, तेलात, हाताने काढला. तांबडा थर लवकर सुटला. त्याखाली काळे डाग निघाले आणि त्यातल्या काहींच्या तळाशी बारीक खड्डे आहेत. पात्याच्या मधोमध असलेले खड्डे मी तसेच ठेवणार आहे, कारण ते नाहीसे करायचे तर आजूबाजूचे सगळे पोलाद त्यांच्या पातळीपर्यंत उतरवावे लागेल. धारेला भिडणारा खड्डा असता तर गोष्ट वेगळी होती, कारण तिथे धार तुटत राहते. सुदैवाने या पात्याची धार सलग आहे.

पाठीला तर हात लावायचाच नाही. धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, आणि पाठीची जाडी व पात्याची रुंदी मिळून धारेचा कोन आपोआप ठरतो. तो साधारण सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतो. म्हणून पाठ नुसती चमकावी यासाठी घासली, तर तेवढा कोन बदलतो. दगडाचा आकडा जितका मोठा तितका त्याचा दाणा बारीक; पुढच्या आठवड्यात १००० च्या दगडावर धारेचा उतार बसवीन, मग ४००० आणि ८००० चे दगड, आणि शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे राहिली पाहिजे.

हल्ली सलूनमध्ये ब्लेडचा अर्धा तुकडा अडकवायचा वस्तरा असतो आणि संसर्गाच्या दृष्टीने तेच योग्य आहे. परंतु न्हाव्याच्या धोकटीत असे अखंड पोलादी पाते असे तेव्हा धार राखणे हा त्याच्या रोजच्या कसबाचा भाग होता, हे दगडावर हात बसवू लागल्यापासून मला नीट उमगते आहे.

मूठ काळ्या शिंगाची आहे. दोन्ही पट्ट्या कोरड्या पडून कडेला पापुद्रे सुटले आहेत, म्हणून त्या तेलात बुडवून ठेवल्या आहेत. शेपटाकडची पाचर शिशाची निघाली. ती बदलण्याचे कारण नाही, कारण तिच्या वजनानेच वस्तरा हातात तोलला जातो. फक्त शिशाची धूळ उडू नये म्हणून ती कोरडी न घासता ओल्या फडक्याने पुसली. आता मूठ आणि पाते पुन्हा जोडणाऱ्या खिळ्यासाठी सुमारे दीड मिलिमीटर जाडीची पितळी तार हवी, आणि तो खिळा ठोकताना पाते मुठीत बरोबर मधोमध मिटते की नाही, हे प्रत्येक ठोक्यानंतर पाहावे लागेल.